‘चांगलं हाय की’ म्हणणाऱ्यांकडून ॲपच्या चुका कशा कळतील?

प्रश्न : आम्ही चौघा मित्रांनी राजारामपुरीतील एका छोट्या कार्यालयातून करवीर आणि कागल तालुक्यांतील दूध संस्थांसाठी मोबाइल ॲप तयार केले आहे. सभासदाला रोजचे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरणारे घन घटक) आणि दर दहा दिवसांचे बिल फोनवर दिसावे, खाद्याची मागणीही तिथूनच नोंदवता यावी, असा हेतू आहे. गावांत दाखवले तेव्हा सगळ्यांनी ‘चांगलं हाय की’ म्हटले. मात्र दोन महिने झाले तरी लोक बिल विचारायला सचिवांनाच फोन करतात. आता युजेबिलिटी टेस्ट, म्हणजे वापरसुलभतेची चाचणी, घ्यायचे ठरवले आहे. किती लोक लागतील आणि त्यांना काय विचारायचे? एका संस्थेचे चेअरमन शंभर सभासदांकडून फॉर्म भरून घ्या म्हणतात, त्यांना काय सांगायचे? पैसा आणि वेळ दोन्ही बेताचेच आहेत.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर :

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही ओझरते लिहून पुढे गेला आहात. गावात सगळ्यांनी ‘चांगलं हाय की’ म्हटले, असे तुम्ही लिहिता. आपल्या भागात दारात आलेल्या माणसाला चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाहीत, आणि शिकल्यासवरलेल्या मुलांनी रात्री जागून केलेली वस्तू समोर ठेवली, तर तिला नावे ठेवणे कोणाच्याही जिवावर येते. तुम्हाला मिळालेले उत्तर ही तुमच्या कष्टांना दिलेली दाद होती. ॲप वापरता येते की नाही, याविषयी त्यात काहीच नव्हते. म्हणून चाचणीची सारी आखणी अशी करावी लागेल की, समोरच्या माणसाला मत द्यायची वेळच येऊ नये. त्याच्या हाती एक काम द्यायचे, ते करताना त्याचे बोट कुठे थांबते ते पाहायचे आणि आपण गप्प बसायचे. पुढे जे लिहितो आहे, ते सगळे या तीन गोष्टी नीट जमाव्यात यासाठीच आहे.

वापरसुलभतेची आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकातली व्याख्या तुम्हाला उपयोगी पडेल. विशिष्ट लोकांना, विशिष्ट परिस्थितीत, विशिष्ट काम पुरे करता येते का, त्यासाठी किती श्रम पडतात आणि त्यांना समाधान वाटते का, असे ती विचारते. यातला ‘विशिष्ट’ हा शब्द सोडून दिला की चाचणी पोकळ होते. ‘आमचे ॲप सोपे आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नसते. ‘स्वतः दूध घालणाऱ्या बाईला, तिच्या स्वतःच्या फोनवर, कोणाच्या मदतीशिवाय गेल्या दहा दिवसांचे बिल सापडते का, आणि त्यातून कापलेली रक्कम कशाची ते तिला कळते का?’ या प्रश्नाला मात्र उत्तर असते आणि ते तुम्ही डोळ्यांनी पाहू शकता.

हा प्रश्न नेमका ठरवण्यासाठी कार्यालयात बसून चर्चा करू नका. बिलाच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सचिवांच्या शेजारी वही घेऊन बसा आणि येणारा प्रत्येक फोन त्याच शब्दांत लिहून घ्या. लोक रक्कम विचारतात, की पैसे बँकेत कधी जमा होणार ते विचारतात, की परवा फॅट का कमी लागली ते विचारतात? तुमच्या ॲपमध्ये रक्कम ठळक दिसत असेल आणि लोकांचा प्रश्न जमा होण्याच्या तारखेचा असेल, तर त्यांनी फोन करणे अगदी बरोबर आहे. त्या वहीतून चार-पाच कामे आपोआप निघतील. एका बैठकीत त्याहून अधिक कामे घेऊ नका, कारण पाऊण तासानंतर माणूस थकतो आणि थकलेल्या माणसाच्या अडचणी ॲपच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

आता किती लोक, याविषयी. याकोब निल्सन आणि थॉमस लँडावर या संशोधकांनी १९९३ मध्ये याचे गणित मांडले. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत एखादी अडचण एका वापरकर्त्याच्या वाट्याला येण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के होती. त्या हिशेबाने पाच जणांत मिळून सुमारे ८५ टक्के अडचणी एकदा तरी उघड होतात. निल्सन यांनी २००० मध्ये याच आधारावर सुचवले की, पंधरा जणांची एकच मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्याव्यात आणि मधल्या काळात दुरुस्त्या कराव्यात. तुमच्यासारख्या बेताच्या पैशांत काम करणाऱ्यांसाठी हा सल्ला आजही उत्तम आहे. मात्र ३१ टक्के ही सरासरी आहे, हे विसरू नका. एखादी अडचण दहांपैकी एकालाच येत असेल, तर पाच जणांत ती दिसण्याची शक्यता ४१ टक्क्यांच्या आसपासच राहते. म्हणजे पहिल्या फेरीत पैशाच्या आकड्यांबाबत काही अडले नाही, म्हणून तिथे दोषच नाही, असे समजू नये.

शिवाय हे पाच जण एकाच प्रकारचे वापरकर्ते असतील, तरच हा हिशेब लागू पडतो. तुमच्या सभासदांत निदान दोन प्रकार मला दिसतात: दिवसभर स्वतःचा फोन हाताळणारे, आणि घरातला एकच फोन मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असल्यामुळे तो मागून घेणारे. अनेक घरांत जनावरांचे सगळे बाई करते, दूधही तीच घालते, पण सभासद म्हणून नाव नवऱ्याचे असते आणि संस्थेत नोंदवलेला मोबाइल नंबर पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा असतो. तुमच्या ॲपचा ओटीपी कोणाच्या फोनवर जातो, याचा विचार आजच करा. माझी शंका अशी आहे की, दोन महिने लोक सचिवांना फोन करत राहिले, याचे एक कारण तिथेच सापडेल. म्हणून चाचणीच्या वेळी वेळ वाचवण्यासाठी ॲप आधीच लॉगिन करून देऊ नका. माणूस जिथून सुरुवात करणार, तिथूनच चाचणीची सुरुवात झाली पाहिजे. पहिल्या फेरीत स्वतः दूध घालणाऱ्या आणि स्वतःचा फोन हाताळणाऱ्या पाच बायका घ्या. दुसऱ्या प्रकारचे लोक पुढच्या फेरीत घेता येतील.

ही माणसे निवडायचे काम मात्र चेअरमन किंवा सचिवांवर सोपवू नका. ते प्रेमाने मदत करतील, पण गावातली हुशार, बोलकी, शहरात राहून आलेली मंडळीच तुमच्यापुढे आणून बसवतील. संकलनाच्या रांगेतून तुम्हीच निवड करा, आणि ‘मला काय कळतंय त्यातलं’ असे म्हणणारी बाई भेटली, तर तिला आवर्जून विनंती करा. मानधन द्यायचे असेल, तर ते चाचणी सुरू होण्याआधीच हातात द्या आणि काम जमो वा न जमो, ते त्यांचेच आहे असे स्पष्ट सांगा. शेवटी दिलेले पैसे बक्षिसासारखे वाटतात आणि माणूस बक्षीस देणाऱ्याला खूश करू पाहतो.

वेळ त्यांच्या दिवसाप्रमाणे ठरवा. सकाळ-संध्याकाळ धारा आणि संकलन असते, तेव्हा त्या मोकळ्या नसतात. दुपारी जेवणानंतरचा तासभर बहुधा मिळतो. जागा म्हणजे त्यांच्या घराचा सोपा किंवा ओसरी असावी, संस्थेचे कार्यालय नको, कारण तिथे बिलाची कपात अवघड वाटली तरी सचिवांसमोर तसे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. फोनही त्यांचाच हवा. त्या फोनची काच तडकलेली असेल, साठवणूक भरलेली असेल, मुलाने अक्षरे मोठी करून दिलेली असतील आणि गावाच्या कडेला नेटवर्क येत-जात असेल. या सगळ्यासकट तुमचे ॲप चालायचे आहे. अक्षरे मोठी केली की देवनागरीतल्या वेलांट्या आणि मात्रा बटणाच्या वरच्या कडेला कापल्या जातात, उकार खालून तुटतात, आणि लांब मराठी शब्द तीन टिंबांत संपतो. हे तुमच्या कार्यालयातल्या नव्या फोनवर कधीच दिसणार नाही. ओल्या बोटांचा स्पर्श पडद्याला नीट ओळखता येत नाही, हेही तिथेच कळते. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत दाबण्याची जागा निदान ४८ डीपी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर असावी असे म्हटले आहे. तुमच्या पडद्यावरची तारीख बदलण्याची बाणाची खूण तेवढी आहे का, ते पाहून ठेवा.

काम कोणत्या शब्दांत सांगायचे, यावर चाचणीचे अर्धे यश अवलंबून असते. समजा तुमच्या पडद्यावर ‘देयक तपशील’ असे बटण आहे आणि तुम्ही म्हणालात, ‘देयक तपशील उघडून दाखवा,’ तर ती बाई अक्षरे जुळवेल आणि बटण दाबेल. तुम्हाला वाटेल, जमले. त्याऐवजी तिच्या बोलण्यातले शब्द वापरून एक प्रसंग सांगा: ‘मावशी, दहा दिवसांचं बिल झालंय. त्यात खाद्याच्या पोत्याचं किती रुपये कापल्यात, ते यात बघून मला सांगायचं.’ इथे पडद्यावरचा एकही शब्द तुम्ही उच्चारलेला नाही, आणि तिने सांगितलेला आकडा बरोबर की चूक हे तुम्हाला तिथल्या तिथे कळते. ‘समजलं का?’ असे कधीही विचारू नका. त्याला ‘व्हय’ हे एकच उत्तर येते.

आकडे तिच्या खऱ्या बिलाचे घ्यावेत की बनावट, असा पेच तुम्हाला पडेल. स्वतःचे आकडे असतील तर माणूस मन लावून वाचतो आणि चूक चटकन पकडतो, हे खरे. पण घरातली उचल आणि कपात शेजारणीपुढे उघडी पडणे कोणालाच आवडत नाही. मी पहिल्या फेरीसाठी खऱ्यासारखे दिसणारे बनावट खाते वापरा असे सुचवेन आणि ‘हे तुमच्या गावातल्या एका सभासदाचं नमुन्याचं बिल समजा’ असे सांगून सुरुवात करा. लॉगिनची तपासणी तेवढी त्यांच्या खऱ्या नंबरावर वेगळी करा.

पहिल्या सभासदाकडे जाण्याआधी एखाद्या नातेवाइकावर पूर्ण तालीम घ्या. कामाची वाक्ये अडखळतात का, वेळ पुरतो का, बनावट खाते चालते का, हे तेव्हाच कळते. या तालमीतले निष्कर्ष मोजायचे नाहीत.

आता प्रत्यक्ष बैठकीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात आणि त्या मीही केल्या आहेत. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या ॲपची चाचणी मी घेत होतो. समोरच्या बाईंनी सगळी कामे पुरी केली आणि मी समाधानाने परतलो. संध्याकाळी चित्रण पाहिले, तेव्हा पडद्यावर वारंवार माझेच बोट येत होते. ‘इथे बघा’, ‘जरा खाली सरकवा’ असे मी किती वेळा म्हणालो होतो, याची मला बैठकीत जाणीवही नव्हती. त्या पाचही बैठका आम्हाला पुन्हा घ्याव्या लागल्या. तेव्हापासून मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतो.

तुम्हा चौघांपैकी दोघांनीच जावे. एकाने बोलावे, दुसऱ्याने फक्त लिहावे. ज्याने पडदे आखले आहेत, त्याने बोलणारा होऊ नये. आपल्या कामाचा बचाव करण्याची इच्छा त्याला आवरता येत नाही, आणि ‘हे मी केलेले नाही, त्यामुळे मला वाईट वाटणार नाही’ असे खरेपणाने म्हणता येणारा माणूस समोर असला, की लोक मोकळे होतात. सुरुवातीला सांगा की, परीक्षा ॲपची आहे. तुम्ही जिथे अडाल तिथे ॲप चुकले असे आम्ही लिहून घेणार आहोत. हे वाक्य एकदाच म्हणून भागत नाही. पहिल्यांदा अडल्यावर बाई ‘मला जमत न्हाई’ म्हणेल, तेव्हा ते पुन्हा म्हणावे लागते.

काम करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायची पद्धत तुम्ही वाचली असेल. एरिक्सन आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये अशा बोलण्याचा संशोधनात कसा उपयोग करावा हे मांडले आणि १९८२ मध्ये आयबीएममधील क्लेटन लुईस यांनी ती पद्धत संगणकाच्या पडद्यांच्या तपासणीसाठी वापरात आणली. आपल्याकडे अनोळखी माणसासमोर एकटीने बडबडणे अनेक बायकांना संकोचाचे वाटते, आणि जबरदस्तीने बोलायला लावले की त्या कामच सोडतात. अशा वेळी दोघींना एका फोनवर एकत्र बसवा. ‘अगं, हितं दाब की’, ‘थांब, हे कापल्यालं कशाचं हाय?’ असे त्यांचे आपापसांतले बोलणे हेच तुमचे टिपण होते. जावा-जावा किंवा शेजारणी चालतील. सासू-सून मात्र एकत्र घेऊ नका; सून गप्प बसेल आणि फोन सासूच्या हातात राहील.

बाईचे बोट थांबले, की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. ती शांतता तुम्हाला जड जाईल, पण तिच्या पोटीच खरी माहिती येते. ‘हितं दाबू काय?’ असे तिने विचारले, तर ‘आम्ही इथं नसतो तर काय केलं असतं?’ असे सौम्यपणे विचारा. ती ‘सचिवांस्नी फोन लावला असता’ म्हणाली, तर ते काम तिथेच थांबवा आणि पुरे झाले नाही अशी नोंद करा. मग एवढेच विचारा की, फोनवर सचिवांना काय विचारले असते. त्या उत्तरातले शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, कारण तुमच्या बटणावर कोणता शब्द असावा, ते त्यात असते. आमच्याकडच्या कितीतरी बायका ‘मी बघतो’, ‘मी जातो’ असे बोलतात. टिपण करणाऱ्याने त्याचे ‘बघते’, ‘जाते’ करू नये, आणि ‘पेंड’चे ‘पशुखाद्य’ तर मुळीच करू नये. बोलणे शुद्ध करून लिहिण्याची आपली सवय इथे नुकसान करते. एखादे काम किती वेळ चालू द्यायचे, हे आधीच ठरवून ठेवा. तीन-चार मिनिटे रास्त आहेत. त्यापुढे माणसाला अपमानित वाटू लागते.

चित्रण करायचे तर दुसरा फोन वरून धरून फक्त हात आणि पडदा घ्या, चेहरा नको. फोनमधील स्क्रीन रेकॉर्डिंग सोपे वाटते, पण मध्येच आलेला घरगुती निरोप त्यात नोंदला जातो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि समजून-उमजून दिलेली असावी लागते व ती मागेही घेता येते. कागदावर अंगठा घेऊन हे साधत नाही. चित्रण कशासाठी, कोण पाहणार आणि कधी पुसणार, हे मराठीत वाचून दाखवा आणि नको म्हटल्यास चित्रणाविना चाचणी घ्या.

त्याच संध्याकाळी राजारामपुरीत परतल्यावर चौघांनी बसून प्रत्येक अडचण एका चिठ्ठीवर लिहा. काम थांबले, काम झाले पण भटकून झाले, आणि नुसता वैताग आला, असे तीन ढीग पुरेत. एक अपवाद करा: बाईने चुकीचा आकडा बिनदिक्कत, खात्रीने सांगितला असेल, तर तिचे काम ‘झाले’ असे दिसत असले तरी ती चिठ्ठी पहिल्या ढिगात सर्वांत वर ठेवा. अडलेला माणूस सचिवांना विचारून मोकळा होतो. चुकीचे समजलेला माणूस संस्थेने पैसे खाल्ले असे गावात सांगतो. पाचांपैकी तिघी अडल्या, तर ‘पाचांपैकी तिघी’ असेच लिहा. ‘साठ टक्के’ लिहिण्याइतकी ही संख्या मोठी नाही. आणि दुरुस्ती म्हणून माहितीची चित्रफीत किंवा सूचनांचे नवे पान घालण्याचा मोह टाळा. बिल सापडत नसेल, तर बिल पहिल्या पडद्यावर आणा. ‘देयक’ कळत नसेल, तर ‘बिल’ लिहा. मग पुढच्या बिलाच्या सुमारास नव्या पाच जणींकडे जा.

चेअरमनांच्या फॉर्मविषयी. त्यांची सूचना टाकून देऊ नका, पण तिचे काम बदला. वापरणे किती सोपे वाटले, हे मोजण्यासाठी जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिचे गुण शंभरांपैकी मोजतात आणि ६८ च्या आसपासचे गुण सर्वसाधारण मानले जातात. तिच्यात एक विधान होकारार्थी आणि पुढचे नकारार्थी असे चालते, त्यामुळे प्रत्येक विधान लक्ष देऊन वाचावे लागते. रांगेत कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडून ती भरून घेतली, तर तुमच्या हाती पुन्हा ‘चांगलं हाय की’ एवढेच पडेल, फक्त आकड्यांच्या रूपात. शंभर जणांना विचारण्यासारखे दोनच प्रश्न तुमच्यापाशी आहेत: संस्थेत नोंदवलेला नंबर कोणाचा आहे, आणि दूध घालणाऱ्या व्यक्तीजवळ स्वतःचा स्मार्टफोन आहे का. हे मत नाही, वस्तुस्थिती आहे. संकलनाच्या वेळी सचिव दोन दिवसांत ते भरून देतील आणि ओटीपीचा निर्णय तुम्हाला त्यावर घेता येईल.

चेअरमनांना चाचणी पटवून देण्यासाठी फार बोलू नका. ते त्याच गावचे असल्याने ओसरीवर त्यांना बसवता येणार नाही. बाईसमोर ते गप्प राहिले तरी त्यांचे असणेच पुरे होते. ज्या बाईंनी चित्रण दाखवायला संमती दिली असेल, त्यांच्या चित्रणातली दोनच मिनिटे चेअरमनांना दाखवा: हात आणि पडदा दिसतो आहे, बिल समोर उघडे आहे, आणि बोट कपातीच्या ओळीवर कितीतरी वेळ नुसते थांबले आहे. शंभर फॉर्मचे काय करायचे, ते मग त्यांच्याशी बोला.